दोन्ही मुलींचे डोळे तपासायचे का? अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांच्या आईला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आयव्हीएफनंतर ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर जुळ्या मुली झाल्या. थोरली १७८० ग्रॅम, धाकटी १४२०. धाकटीला दोनच दिवस ऑक्सिजन लागला. थोरलीला आधी सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), मग चार दिवस व्हेंटिलेटर, त्यात रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि एकदा रक्तही चढवावं लागलं. आता दोघी घरी आहेत, चौथा आठवडा लागलाय. डिस्चार्ज कार्डावर दोघींसाठी ‘आरओपी तपासणी’ असं लिहिलंय. आरओपी म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार. तुमच्या वाचनात आलं की १५०० ग्रॅमच्या वरच्या बाळाला ही तपासणी लागत नाही. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळांना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. जिल्ह्याचं ठिकाण ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. म्हणून तुम्ही विचारताय की फक्त धाकटीला नेलं तर चालेल का, आणि थोरलीच्या डोळ्यांना उद्या काही निघालंच तर ते ऑक्सिजनमुळे झालं असं समजायचं का.

दोघींनाही न्या, आणि याच आठवड्यात न्या. दोघींपैकी मला जास्त काळजी कोणाची वाटते असं विचाराल, तर थोरलीची. वजन जास्त असूनही. हे उलटं का, ते नीट सांगते.

आधी हा आजार होतो कसा ते बघू, कारण धोक्याची सगळी कारणं तिथूनच निघतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भात साधारण सोळाव्या आठवड्याला डोळ्याच्या नसेपासून फुटायला लागतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात. नाकाकडची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची कड गाठायला पूर्ण दिवस भरावे लागतात. तुमच्या मुली ३२ आठवड्यांना जन्मल्या, तेव्हा पडद्याच्या कडेचा पट्टा दोघींच्याही डोळ्यांत कोरडाच होता. कालव्याचं पाणी टेलच्या शेतापर्यंत पोचायच्या आत कालव्याचं काम थांबावं, तशी स्थिती.

पुढची गोष्ट दोन टप्प्यांत घडते. जन्मल्याबरोबर बाळाला पोटातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो, साध्या हवेतूनसुद्धा. आईकडून मिळणारे वाढीचे घटकही एकदम बंद होतात. त्यामुळे वाहिन्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. हा पहिला टप्पा, यात बाहेरून काही कळत नाही आणि आतही फारसं दिसत नाही. मग पडदा स्वतः वाढत राहतो, त्याची भूक वाढते, रक्त पोचत नाही, आणि तो रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन भरमसाट सोडू लागतो. बहुतेक बाळांमध्ये यातून वाढ पुन्हा रांगेला लागते आणि प्रश्न आपोआप मिटतो. काही बाळांमध्ये मात्र वाहिन्या पडद्यात पुढे जाण्याऐवजी वर उठून वेड्यावाकड्या वाढतात, पुढे आक्रसतात आणि पडदा ओढून सोडवतात. पडदा पूर्ण सुटला की मग आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं.

तारखेला इतकं महत्त्व का, ते यावरून लक्षात येईल. गंभीर आजार बहुतेक बाळांत गर्भधारणेपासून मोजून ३६-३७ आठवड्यांच्या आसपास जोर धरतो. तुमच्या मुली चार आठवड्यांच्या होतील तेव्हा त्या नेमक्या ३६ आठवड्यांच्या असतील. सव्वा महिना थांबलात तर अडतीसावा आठवडा सरत आलेला असेल. म्हणूनच आपल्याकडे ‘तीस दिन रोशनी के’ अशी घोषणा केली गेली. महिन्याच्या आत पहिली तपासणी, एवढाच तिचा अर्थ. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर दोन-तीन आठवड्यांतच बघावं लागतं, कारण त्यांच्यातला आक्रमक प्रकार फार झपाट्याने वाढतो.

आता तुम्ही वाचलेला १५०० ग्रॅमचा आकडा. तो खोटा नाही, तो अमेरिकेचा आहे. तिथे ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅम, आणि त्याखालची सगळी बाळं तपासतात. पण त्याच नियमात पुढे असंही म्हटलंय की १५०० ते २००० ग्रॅमच्या ज्या बाळाची तब्येत अस्थिर होती, ज्याला काही दिवसांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागला, त्याला बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला पाठवावं. म्हणजे थोरली अमेरिकेत असती तरी तिचं नाव यादीत आलंच असतं. आपला भारतातला नियम आणखी मोठ्या जाळ्याचा आहे: ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ, आणि ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ जर बरंच आजारी पडलेलं असेल तर तेही. हा फरक उगाच केलेला नाही. आपल्याकडे सतराशे-अठराशे ग्रॅमच्या, चांगल्या दिसणाऱ्या बाळांमध्येही उपचार लागण्याइतका आजार सापडतो. श्रीमंत देशांत असं क्वचित होतं.

असं का होतं, ते तुमच्या थोरलीच्या कार्डावरूनच समजावते. माझ्याकडे बाळ आलं की मी आधी कार्ड वाचते, डोळ्यात औषध घालायचं काम त्यानंतरचं.

पहिलं बघते ते किती आठवड्यांना जन्म झाला. धोक्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. त्यानंतर वजन. या दोन गोष्टी वजनदार, बाकीच्या सगळ्या त्यांच्यावर चढत जातात. आठवड्यांच्या आकड्यावर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. पाळीच्या तारखेवरून मोजलं असेल आणि तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी नसेल तर दोन आठवड्यांची चूक सहज होते, आणि मग वजन हाच आधार उरतो. तुमच्या बाबतीत आयव्हीएफ असल्याने तारीख अगदी पक्की आहे. आयव्हीएफबद्दल तुमच्या मनात जी रुखरुख आहे तिचं उत्तरही इथेच देते. आयव्हीएफ डोळ्यांना थेट काही करत नाही. त्यात जुळं राहण्याची शक्यता वाढते, जुळं म्हटलं की दिवस अपुरे राहण्याची शक्यता वाढते, आणि डोळ्यांचा धोका येतो तो अपुऱ्या दिवसांतून.

दोघी एकाच दिवशी जन्मल्या, त्यामुळे आठवड्यांच्या बाबतीत दोघी सारख्या. धाकटी वजनात मागे आहे, म्हणजे जन्माच्या दिवशी तिचा धोका थोडा जास्त होता. पण त्या दिवसानंतर पारडं फिरलं.

कार्डावर मग मी ऑक्सिजनचे दिवस शोधते. व्हेंटिलेटर, सीपॅप, नाकातली नळी, सगळं मिळून किती. दिवसांइतकंच महत्त्वाचं असतं तो कसा दिला हे, आणि नेमकं तेच कार्डावर नसतं. हवा आणि ऑक्सिजन हवं त्या प्रमाणात मिसळणारं ब्लेंडर होतं का? पल्स ऑक्सिमीटर सतत लावलेला होता का? गावच्या दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात नेताना रुग्णवाहिकेत सिलेंडरचा शुद्ध ऑक्सिजन तोंडापाशी धरला होता का, आणि किती तास? अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. मी पालकांना काचेतून मॉनिटरकडे बघताना पाहते. शंभरचा आकडा दिसला की त्यांचे चेहरे फुलतात, आणि नर्सने ऑक्सिजन कमी केला की ते घाबरतात. खरं तर ऑक्सिजन चालू असताना शंभर दिसणं म्हणजे जास्त जातोय, एवढाच अर्थ. साध्या हवेवर शंभर आला तर मात्र काही बिघडत नाही, तो बाळाचा स्वतःचा आकडा. आकडा सारखा वर-खाली होणंही पडद्याला मानवत नाही. श्वास मध्येच थांबणारी बाळं यात येतात.

पुढची ओळ जंतुसंसर्गाची. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले होते का, किती दिवस अँटिबायोटिक चाललं, बुरशीचा संसर्ग होता का. संसर्गात शरीरभर जी दाहाची लाट उठते ती पडद्यापर्यंतही पोचते. शिवाय अशा बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो, दूध थांबवावं लागतं, वजन घटतं, रक्त चढवावं लागतं. ही कारणं एकेकटी क्वचित येतात, एकमेकींचा हात धरूनच येतात. म्हणून ‘नक्की कशामुळे झालं’ या प्रश्नाला एका बाळापुरतं एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर मी फार विश्वास ठेवणार नाही.

रक्त चढवण्याचंही तसंच. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बाळाच्या हिमोग्लोबिनपेक्षा सहज ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पडद्याला तो एकदम जास्त मिळतो. पण ज्या बाळाला रक्त द्यावं लागतं ते आधीच जास्त आजारी असतं, त्यामुळे दोष रक्ताचा किती आणि आजारपणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. एकदा रक्त चढवलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. रक्त लागलं होतं, म्हणून दिलं.

शेवटी मी बघते आजचं वजन, आणि ते जन्माच्या वजनाशी ताडून बघते. नवख्या डॉक्टरांकडूनही ही गोष्ट सुटते. पहिल्या काही आठवड्यांत वजन कसं चढलं, यावरून डोळ्यांचा बराच अंदाज येतो. आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक बाळाच्या अंगात कमी असेल तर वजनही रखडतं आणि पडद्यातल्या वाहिन्याही. स्वीडनमध्ये तर दर आठवड्याच्या वजनावरून धोका ओळखण्याची विनरॉप नावाची पद्धतच बसवली गेली. आपल्याकडची बाळं वेगळी असल्यामुळे तिच्यावर विसंबून तपासणी टाळता येत नाही, पण मागचं तत्त्व खरं आहे. तुम्ही लिहिलंय की थोरलीचं वजन जन्माच्या वजनाला यायलाच जवळपास तीन आठवडे लागले, आणि धाकटी मात्र रोज चढतेय. माझ्या लेखी हे थोरलीच्या कार्डावरचं सगळ्यात बोलकं वाक्य आहे. आता तुमच्या हातात जे आहे ते हेच: अंगावरचं दूध, बाळाला छातीशी धरून ठेवणं, जंतुसंसर्ग टाळणं. आईच्या दुधावरच्या बाळांत गंभीर आजार कमी आढळतो.

राहिला ऑक्सिजनवरचा तुमचा राग. त्याला इतिहास आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी कडू आहे. १९४२ मध्ये बोस्टनमध्ये टेरी नावाच्या डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुढच्या दहा वर्षांत प्रगत देशांत अपुऱ्या दिवसांची हजारो बाळं आंधळी झाली, आणि तीही बहुतेक चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांत, जिथे काचपेटीत मुबलक ऑक्सिजन सोडला जात होता. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवलं, त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते सिद्ध केलं. मग सगळीकडे ऑक्सिजनला कात्री लागली. अंधत्व घटलं, पण श्वासाअभावी दगावणारी बाळं वाढली. हा झोका अजून पूर्ण थांबलेला नाही. २०१० च्या सुमारास मोठ्या चाचण्यांमध्ये सॅच्युरेशनच्या ८५ ते ८९ आणि ९१ ते ९५ टक्के अशा दोन पातळ्यांची तुलना झाली. खालच्या पातळीवर डोळ्यांचा गंभीर आजार कमी झाला, पण मृत्यू जास्त झाले. म्हणून आजचे डॉक्टर वरची पातळी धरतात आणि डोळ्यांवर लक्ष ठेवून राहतात. थोरलीला व्हेंटिलेटर लावला नसता तर आज तिच्या डोळ्यांची चर्चाच झाली नसती. ऑक्सिजन मोजूनमापून दिला गेला का, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तुम्ही तो त्या डॉक्टरांना शांतपणे विचारू शकता.

काही गोष्टींचा मात्र या आजाराशी संबंध नाही. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं, त्याने हा आजार होत नाही. बाळांवर पडणारा उजेड कमी करून फरक पडतो का हे १९९८ मध्ये एका चाचणीत तपासलं गेलं, फरक पडला नाही. मोबाइलच्या फ्लॅशनेही नाही, आणि तुम्ही ग्रहण पाळलं नाही त्याने तर मुळीच नाही. डोळ्यात काजळ घालू नका, पण ते वेगळ्या कारणासाठी, त्याने डोळ्यात जंतू शिरतात.

‘दोघी दिव्याकडे बघतात, म्हणजे दिसतंय ना?’ हेही तुम्ही विचारलंय. बघत असतील, चांगलं आहे. पण हा आजार कडेपासून सुरू होतो, मधला पडदा बरेच दिवस शाबूत असतो. डोळा लाल होत नाही, चिपडं येत नाहीत, बाळ रडत नाही. बाहुलीत पांढरं दिसू लागतं ते पडदा सुटल्यावर. म्हणून घरच्या घरी बघून ठरवायची ही गोष्ट नव्हे. धोक्याची कारणं मोजूनसुद्धा ते ठरत नाही. त्यांच्यावरून मी एवढंच ठरवते की बाळाला कधी बोलवायचं आणि किती लवकर पुन्हा बघायचं. आजार आहे की नाही ते पडदा बघितल्यावरच कळतं. सगळी कारणं असलेल्या बाळाचा पडदा स्वच्छ निघालेला मी पाहिलाय, आणि कार्ड जवळपास कोरं असलेल्याला लेसर केलेलं आहे. म्हणून धाकटीचीही सुटका नाही.

सासूबाईंना काय सांगायचं? सव्वा महिन्याच्या रीतीमागे बाळाला संसर्गापासून जपण्याचाच विचार आहे, आणि संसर्ग या आजाराचंही एक कारण आहे, त्यामुळे त्यांची काळजी अनाठायी नाही. पण बंद गाडीने थेट दवाखाना, तिथून थेट घर, बाळं टोपी-मोजे घालून छातीशी, वाटेत कुणा नातेवाइकांकडे थांबणं नाही, असं केलं की रीतीमागचा हेतू पाळला जातो. शक्य असेल तर त्यांनाच सोबत घ्या. दोन बाळांना चार हात लागतातच.

निघण्यापूर्वी फोन करा. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात किंवा तिथल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा की आरओपी तपासणी कोणत्या वारी असते. बऱ्याच ठिकाणी पडद्याचे डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार समाविष्ट आहे. चष्म्याचा नंबर काढणारे किंवा मोतीबिंदू करणारे सगळेच डॉक्टर ही तपासणी करत नाहीत, त्यामुळे ‘आरओपी बघता का’ असं स्पष्ट विचारा. कार्डावर नुसतं ‘तपासणी करून घ्या’ लिहून भागत नाही, तारीख आणि ठिकाण लिहून द्यायला हवं. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांना जन्मलेल्या एका मुलीच्या पालकांना ही तपासणी सांगितलीच गेली नव्हती आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या प्रकरणात सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. तेव्हापासून आम्हा डॉक्टरांचीही झोप थोडी उडाली, आणि ते बरंच झालं.

तपासणी कशी असते ते आधीच सांगते, नाहीतर बघून तुमचं काळीज हलेल. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा. तपासणीच्या आधी तासभर दूध देऊ नका, नाहीतर रडताना ओकून ठसका लागतो. मग बाळाला चादरीत घट्ट गुंडाळतात, डोळा बधिर करायचा थेंब घालतात, पापण्या उघड्या ठेवायला तारेचा छोटा चिमटा बसवतात आणि कपाळावरच्या दिव्याने, हातातल्या भिंगातून आम्ही कडेपर्यंत बघतो. एका छोट्या हुकाने डोळा हलकेच फिरवावा लागतो. बाळ जोरात रडतं. जिभेवर साखरेच्या पाण्याचे किंवा तुमच्याच दुधाचे दोन थेंब ठेवले तर रडणं कमी होतं. सगळं काही मिनिटांत आटोपतं. दुसऱ्या दिवशी डोळा किंचित लाल दिसला तर घाबरू नका, पण बाळ दूध प्यायला तयार नसेल किंवा मलूल वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि ही तपासणी एकदाच करून संपत नाही. वाहिन्या कडेला पोचल्या, असं डॉक्टर सांगतील तोवर दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी जावं लागतं. माझ्या अनुभवात नुकसान होतं ते बहुधा चुकलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी ‘सध्या ठीक आहे’ ऐकलं की लोकांना वाटतं सुटलो. उपचार लागलाच तर तो दोन-तीन दिवसांत करायचा असतो, लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन. वेळेत लेसर झालं तर बहुतेक डोळ्यांचा पडदा जागेवर राहतो. इंजेक्शनने आजार लवकर ओसरतो, पण तो महिन्यांनी परत उलटू शकतो, त्यामुळे तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्या घराला इंजेक्शन सुचवण्याआधी मी दहादा विचार करीन. अर्थात आजार अगदी मधल्या भागात असेल तर तेच जास्त बरं ठरतं, ते तिथले डॉक्टर बघून ठरवतील.

तिथून निघताना प्रत्येक मुलीच्या प्रत्येक डोळ्यासाठी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. झोन कोणता: एक म्हणजे अगदी मधला भाग, तीन म्हणजे कड, आकडा लहान तितकी काळजी जास्त. स्टेज कोणती, एक ते पाच. आणि ‘प्लस’ आहे का, म्हणजे मधल्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्यात का. उपचाराचा निर्णय मुख्यतः या तिन्हींच्या मेळावर होतो, त्यातही प्लसवर जास्त. चौथी गोष्ट पुढची तारीख, दोघींची वेगवेगळी असू शकते. थोरलीला आठवड्याने बोलावलं आणि धाकटीला पंधरा दिवसांनी, तर प्रवास वाचवायला दोघींना पंधरा दिवसांनी नेऊ नका. दोघींना आठवड्याने न्या.